गाडीचं ऑइल: आपण बदलायचं की गॅरेजला द्यायचं?

आजचा भाग आपल्या पनवेलचा आणि विषय अगदी रोजच्यातला. गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलावं, की गॅरेजवाल्याला पैसे द्यावेत? ज्यांनी नुकतीच पहिली सेकंडहँड गाडी घेतलीय, त्यांच्या डोक्यात हा प्रश्न असतोच. मोबाइलवर याचं उत्तर रुपयांत मिळतं. मी ते इतिहासातून शोधणार आहे, कारण आपल्या गावात हा प्रश्न मोटारीच्याही आधीचा आहे.

रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढायचा. १८३० मध्ये हा घाट चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला आणि पनवेलच्या रस्त्यावर बैलगाड्यांची वर्दळ वाढली. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली आणि ती वाहतूक ओसरली. पण शेताला आणि भाताच्या व्यापाराला गाडी लागतच होती. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मोठा धंदा म्हणून काय नोंदलंय माहितीये? गाडीची चाकं बनवणं!

आता त्या चाकाकडे बघा. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोखंडी धाव. लाकूडकाम सुताराचं, धाव चढवणं लोहाराचं. या दोघांना मोबदला द्यावाच लागे. पण वंगण? ते गाडीवानाचं स्वतःचं काम. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, त्यात एरंडेलासारखं घट्ट तेल आणि एखादी चिंधी. चाक कुरकुरलं की गाडी थांबवायची, आसाला वंगण लावायचं, पुढे निघायचं. यासाठी दुसऱ्याला पैसे देणं कुणाच्या मनातही आलं नसतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ते वंगण वापरता वापरता संपून जायचं. मागे उरायची फक्त चिंधी.

मग मोटार आली. गंमत म्हणजे एरंडाने इथेही पाठ सोडली नाही. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून, १९०९ मध्ये पडलं. आज त्याच कंपनीचा एक कारखाना आपल्या शेजारी पाताळगंगेला आहे.

आपल्याकडच्या मोटारीची गोष्ट सांगायची तर वालचंद हिराचंद यांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिचं नाव झालं पद्मिनी. १०८९ सीसीचं साधं इंजिन. बॉनेट उघडलं की कुठे काय आहे ते दिसायचं. रस्त्यावर गाड्यांचे प्रकारच मोजके, त्यामुळे एकाने शिकलेलं दहा जणांना उपयोगी पडायचं. घाट चढण्याआधी ऑइलची काडी ओढून बघणं, रेडिएटरमध्ये पाणी टाकणं हे ड्रायव्हरला आपोआप यायचं. ज्याला हात काळे करायचे नसत, तो ‘वॉशिंग-ग्रीसिंग’ची पाटी बघून गाडी खड्ड्यावर घ्यायचा. म्हणजे तेव्हाही दोन्ही वाटा होत्या, पण पैसे देणाऱ्यालाही आत काय चाललंय ते कळत होतं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हातात पडली आणि हळूहळू सवयी बदलल्या. फ्री सर्व्हिसची कुपनं, शिक्के मारलेलं सर्व्हिस बुक, वॉरंटी. गाडी सकाळी द्यायची, संध्याकाळी धुतलेली घ्यायची. सोय झाली, खोटं कशाला बोला? पण ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल’ ही भीतीही याच सोयीसोबत आली.

ही भीती थेट भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत पोचली. २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड लावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळत नाही, हा मुख्य मुद्दा. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. कंपन्यांनी पुढे दाद मागितली, पण प्रश्न ऐरणीवर आला तो आलाच.

मग आता करायचं काय? मी दोन्ही करून बघितलंय. काम अवघड नाही. इंजिन थोडं कोमट ठेवायचं, गाडी सपाट जागी घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचं नाही, पक्के स्टँड लावायचे. ऑइल चेंबरचा नट खोलायचा, जुनं तेल काढायचं, फिल्टर आणि वायसर नवा, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल ओतायचं, काडीवर पातळी बघायची. गाडी वॉरंटीत असेल तर बिलं जपायची आणि अटी आधी वाचायच्या. वाचते ती मुख्यतः मजुरी, कारण ऑइल आणि फिल्टरचे पैसे दोन्हीकडे लागतातच. तुमच्या मागच्या बिलावर मजुरीची ओळ शोधा, उत्तर समोर येईल.

पण तसराळ्यात जमलेलं ते तीन-चार लिटर काळं तेल? गाडीवानापुढे हा प्रश्न नव्हता, त्याचं वंगण संपून जायचं. आपलं तेल इंजिनातून धातूचे बारीक कण आणि जळक्या इंधनाचा मळ घेऊन परत येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते एका ऑइल चेंजमधलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. आपल्या सोसायटीच्या गटारात ओतलेलं तेल कुठे जाईल? गाढी नदी आणि तिथून खाडी. ज्या खाडीने हे बंदर वसवलं, तीच.

१ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने तेल कंपन्यांवरही आली आहे. पण तेल तिथवर पोचवणारा पहिला हात तुमचा किंवा तुमच्या मेकॅनिकचा.

म्हणून माझा हिशेब असा. ऑइल ओतणं आपलं काम होतं आणि आजही होऊ शकतं. गॅरेजला पैसे द्यायचे ते जुनं तेल नीट मार्गी लावण्यासाठी. घरी बदलणार असाल तर आधी ठरवा की जुनं तेल कोण घेणार. जवळच्या गॅरेजला विचारा, अधिकृत रिसायकलरला देत असतील तर डबा भरून त्यांच्याकडे पोचवा. अशी सोय नसेल तर सरळ गॅरेजमध्ये जा. आणि तिथे गेलात की वेटिंग रूममध्ये रील बघत बसू नका. गाडीजवळ उभे राहा, आणि एकच विचारा: ‘दादा, हे जुनं तेल कुठे जातं?’

काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!