बेटरमेंट चार्ज कुणाच्या खिशातून?

आजव्याचं पाणी बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानच्या खजिन्यातून आलं. पुढच्या रस्त्या-गटारांचा हिशेब मात्र वेगळा.

१९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तिकडे १९१५ पासून चालत आलेली नगररचनेची पद्धत इकडेही आली. शेतं एकत्र करून नव्याने आखायची, रस्ते-बागांसाठी थोडी जमीन कापायची आणि उरलेल्या प्लॉटची जी किंमत वाढेल तिचा निम्म्यापर्यंत वाटा बेटरमेंट चार्ज म्हणून घ्यायचा. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यानेही तेच ठेवलं.

तत्त्व रास्तच आहे. पण योजना फायनल व्हायला वर्षं लागतात. तोवर शेतकऱ्याने जमीन विकलेली असते, बिल्डर फ्लॅट विकून मोकळा झालेला असतो. घरकर्जाच्या टेबलावर मी हे पाहिलंय. मार्जिनसाठी पीएफ काढून बसलेल्या कारकुनाच्या हातात मागणीची नोटीस पडते, आणि आता कर्ज वाढवायला पगारात जागा नसते.

आकार आधी कळला तर घेणारा तो जमिनीच्या भावातून वजा करतो. उशिरा कळला की शेवटच्या घरमालकावर येतो. तेव्हा घर घेताना आधी विचारा: टीपी फायनल झाली का, आणि बेटरमेंट कुणी भरायचा?