सोंग, शाप आणि नियम

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आज एक नांदेडला आहे, एक लातूरला. काही वर्षे आम्ही एकाच महाविद्यालयात शिकवीत होतो, आणि हा त्या काळातला. हल्ली तो पुण्यात नोकरी करतो. फराळ झाला, चहा झाला, आणि मग तो आपल्या रविवारच्या खेळाविषयी सांगू लागला. पाच-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो. बाकीचे आपापले पात्र कागदावर तयार करतात: नाव, गाव, बळ, बुद्धी, पूर्वायुष्य. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि करणी साधली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ना रंगमंच, ना प्रेक्षक. या प्रकाराला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात.

त्याने आपल्यासाठी गाणारा प्रवासी निवडला होता आणि त्याला सरळ मराठी शाहीर केले होते. हातात डफ, डोक्यावर फेटा. पहिल्याच बैठकीत सूत्रधाराने विचारले, "तुझा शाहीर कोणाच्या ओढीने गाव सोडून निघाला?" तो म्हणाला, "एका शिपायाच्या." टेबलावर कोणी हसले नाही. सूत्रधाराने फक्त पुढचा प्रश्न विचारला, "शिपायाचे नाव काय?"

"सर, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं बोललो," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "आणि ते माझं नव्हतं, शाहिराचं होतं, म्हणून बोलता आलं."

तो गेल्यावर आम्हां दोघांना एकच गोष्ट टोचत राहिली. २०१३-१४ साली तो आमच्या वर्गात होता आणि त्या वर्षी आम्ही तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' शिकवले होते. मग हे वाक्य त्याला आमच्या वर्गात का बोलता आले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागले. एक आपल्याकडच्या सोंगांचा आणि दुसरा या परक्या खेळाचा.

सोंगाची मुभा

दुसऱ्याची भूमिका घेऊन बोलणे मराठीला नवे नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणींत पुरुष कवी स्त्रीच्या तोंडून व्याकुळ होतो. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांत किती सोंगे घेतली आहेत! जोशी, वासुदेव, गोंधळी, आणि सासरच्यांपासून सुटका कर म्हणून भवानीला साकडे घालणारी सूनसुद्धा. आजही गावोगावच्या भारुडात मिशा काढून लुगडे नेसलेला पुरुष ही सून उभी करतो, आणि समोर बसलेल्या बायका पदराआड हसतात. तमाशाच्या गौळणीतली मावशी ही तर पुरुषानेच करायची. फडावर स्त्रिया येण्यापूर्वी नाचणारा 'पोऱ्या' असे. त्या आल्यानंतरही नाच्या उरला. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत ज्याने तमाशाची रात्र काढली आहे, त्याला नाच्याने टाळी वाजवताच तंबूत उसळणारा हशा ठाऊक आहे. शहरी रंगभूमीवर बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्री-भूमिका अशा केल्या की घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करीत.

या परंपरेवरून 'आपली संस्कृती मुळातच उदार होती' असा निष्कर्ष काढण्याची रीत आहे. आम्हांला तो घाईचा वाटतो. सोंगाला एक अलिखित करार बांधलेला असे. रात्र सरली की लुगडे सोडायचे आणि सकाळी शेतावर जायचे. या करारामुळेच प्रेक्षक निर्धास्त हसू शकत. शिवाय पुरुषाने स्त्रीवेश घेणे आणि पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या रंगपरंपरेने पहिलीला जागा दिली, दुसरीला नावसुद्धा दिले नाही. परिणामी बायकी हावभाव हीच समलिंगी पुरुषाची एकमेव दृश्य खूण ठरली. ज्याचे हावभाव तसे होते त्याच्या वाट्याला टवाळी आली. ज्याचे तसे नव्हते तो कोणाला दिसलाच नाही.

करार मोडला तर

करार मोडल्यावर काय होते, हे आपल्या साहित्याने नेमके टिपले आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला गुणा हा कसलेल्या अंगाचा शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो, आणि ती भूमिका फडाबाहेरही त्याची पाठ सोडत नाही. रवी जाधव यांचा त्यावरचा चित्रपट २०१० साली आला तेव्हा आमच्याकडे तो तुफान चालला. गुणा समलिंगी नाही. पण लोकांनी त्याला तसे ठरवले, आणि जे ठरवले त्याची शिक्षा त्याला भोगावी लागली. पडद्यावर वर्षानुवर्षे नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांच्या बाबतीतही प्रेक्षकांनी भूमिका आणि माणूस यांतली रेघ पुसून टाकली होती.

सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'मध्ये (१९७९) ही रेघ आतून पुसली जाते. संगीत नाटकांत किरकोळ स्त्री-भूमिका करणारा बर्वे आता उदबत्त्या विकतो. रंगभूमी मागे पडली तरी भूमिका त्याच्यात जिवंत आहे. जावडेकर नावाच्या कारकुनाला तो आपल्या मनातली नलावडेबाई वाटतो, आणि दोघांच्या स्वप्नांतून एक संसार उभा राहतो. जाग येते तेव्हा उरते ती श्यामरावाची मारझोड. त्या स्वप्नाला दिवसाच्या उजेडात उभे राहायला जागा नाही, हे नाटक कठोरपणे दाखवते.

आणि 'मित्राची गोष्ट' (१९८१). सुमित्रा कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते, समोर नायिकेच्या भूमिकेत नमा असते. त्या सोंगातून तिला स्वतःविषयीचे सत्य कळते. भूमिका तिच्यापुढे आरसा धरते, आणि आरशात दिसलेले ती नाकारत नाही. शेवट आत्महत्येत होतो. मराठी रंगमंचावर स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम इतक्या थेटपणे मांडण्याचे धैर्य तेंडुलकरांनी दाखवले, रोहिणी हट्टंगडींनी ते पेलले, हे निर्विवाद आहे. परंतु त्या नाटकात मित्राच्या बाजूने उभा राहणारा एकच बापू आहे, आणि तोही शेवटी दूर जातो.

परक्या टेबलाचा इतिहास

आता दुसरा इतिहास. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ युद्धखेळांत आहे: टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि फाशांवर लढाई करायची. सोंगट्यांच्या पलटणीऐवजी प्रत्येकाने एकच माणूस व्हायचे, ही त्यांची नवी कल्पना. खेळणारे बहुतांश तरुण पुरुष होते आणि नियमही त्यांच्याच नजरेचे. १९७८ च्या नियमपुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या बळाची कमाल मर्यादा पुरुष-पात्राहून खाली ठेवली होती. १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात जादूचा एक कंबरपट्टा आहे. तो बांधताच पात्राचे लिंग बदलते, आणि साध्या उताऱ्याने तो परिणाम जात नाही. टेबलावर अशा वस्तूचा उपयोग काय होत असेल, याची कल्पना तमाशा पाहिलेल्याला सहज येईल.

हा कंबरपट्टा वाचताना आम्हांला विराटपर्व आठवले. उर्वशीच्या शापाने आलेले क्लीबत्व अर्जुन अज्ञातवासाच्या वर्षात पांघरतो आणि बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवतो. तिथे शाप त्याच्या रक्षणाला येतो, विराटाच्या राजवाड्यात त्याला मानाचे काम मिळते. इतकी समज त्या जुन्या कथेत आहे. तरीही वर्षाची मुदत भरताच अर्जुनाला अर्जुन व्हावेच लागते. स्वतःहून, शापाशिवाय आणि मुदतीशिवाय, कोणी तसे असू शकतो ही शक्यता १९७९ च्या खेळाने धरली नव्हती, आणि आपल्या सोंगाच्या करारानेही धरली नव्हती.

पुढे खेळ बदलला, कारण खेळणारे बदलले. १९९१ च्या 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड'ने लढाईपेक्षा नात्यांना आणि लपवलेल्या ओळखीला महत्त्व दिले, स्त्रिया आणि समलिंगी खेळाडू त्याकडे वळले. २००५ च्या 'ब्लू रोझ'ने असे राज्य कल्पिले जिथे समलिंगी प्रेम ही रोजच्या व्यवहारातली साधी गोष्ट आहे. ॲव्हरी ऑल्डर यांच्या २०१२ च्या 'मॉन्स्टरहार्ट्स'मध्ये पात्रे किशोरवयीन आहेत, आणि आपले पात्र कोणाकडे ओढले जाईल हे खेळाडूच्या हाती राहत नाही. फासा पडतो आणि ओढ निर्माण होते, मग तिचे काय करायचे ते त्याने ठरवायचे. कुमारवयातला गोंधळ नियमाच्या रूपात असा क्वचितच कोणी पकडला असेल. २०१४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीने मुख्य नियमपुस्तकातच नोंदवले की स्त्री-पुरुष या दोनच खणांत पात्राला कोंबण्याची गरज नाही, आणि त्याचा लैंगिक कल कोणता हे खेळाडूने ठरवावे. एप्रिल किट वॉल्श यांचा 'थर्स्टी सोर्ड लेस्बियन्स' २०२१ मध्ये आला. शीर्षकातच सगळे सांगणाऱ्या या खेळाला खेळलेखनाचा नेब्युला पुरस्कारही मिळाला.

मुभा आणि नियम

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पुस्तकात दोन वाक्ये छापल्याने टेबलावरची माणसे बदलतात काय? बदलत नाहीत. प्रकाशकाला नवा ग्राहकही हवा असतो. तरी आम्हांला वाटते की मुभा आणि नियम यांत मोठा फरक आहे. मुभा देणारा ती केव्हाही काढून घेतो, कारण ती त्याच्या हसण्यावर अवलंबून असते. नियम मात्र टेबलावरच्या सर्वांत गप्प बसणाऱ्याच्याही हाती असतो. पाटलाच्या वाड्यापुढे भारुड करणाऱ्याला मुभा होती. आमच्या विद्यार्थ्याच्या सूत्रधाराने नाव विचारले त्यामागे त्याचा चांगुलपणा असेलच. पण तो प्रश्न खेळात बसणारा आहे, हे छापील पानावर आधीच ठरलेले होते.

या खेळांत २०१३ च्या सुमारास आणखी एक साधन रूढ झाले. टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. कथेत कोणाला काही असह्य झाले तर त्याने कार्डाला हात लावायचा. तो भाग तिथेच सोडून सगळे पुढे जातात, आणि कारण कोणी विचारायचे नाही. स्वतःला उघड न करता थांबा म्हणता येणे, हे त्यातले मर्म आहे.

आता आमच्या वर्गाकडे येतो. 'मित्राची गोष्ट' चालू असताना मागच्या बाकावरून एक शेरा आला आणि वर्ग हसला. आमच्यापैकी एक त्या वेळी फळ्यापाशी उभा होता. तोही किंचित हसला, आणि 'चला, पुढे वाचा' म्हणाला. तास संपला. त्याच वर्षी ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय फिरवला आणि कलम ३७७ पूर्ववत केले. म्हणजे ज्या महिन्यांत आम्ही सुमित्राचे 'स्वभावचित्र' लिहून घेत होतो, त्याच महिन्यांत बाकावर बसलेला एक मुलगा कायद्याच्या नजरेत पुन्हा संभाव्य गुन्हेगार झाला होता. ६ सप्टेंबर २०१८ ला तेच कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द झाले. पण तोवर तो आमच्या वर्गातून निघून गेला होता.

मराठीत लिहिले गेले नाही असेही नाही. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये आली. ही पुस्तके आमच्या ग्रंथालयांतून मागून घ्यायला आम्हांला कोणी रोखले नव्हते. आम्हीच मागवली नाहीत.

या वर्षी आम्ही दोघांनी 'मित्राची गोष्ट' पुन्हा शिकवायला घेतली. आरंभी फळ्यावर दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, वाचनात कोणीही कोणतेही पात्र घ्यावे, त्यावरून वाचणाऱ्याविषयी तर्क करायचा नाही. दुसरी, एखादा उतारा ज्याला वाचवणार नाही त्याने पुस्तक शेजारच्याकडे सरकवावे, कारण सांगू नये. लातूरच्या वर्गात पहिल्या दिवशी थोडी कुजबुज झाली. नांदेडला एका मुलाने सुमित्राचा भाग मागून घेतला आणि दोन अंक सलग वाचला. त्याने तो का मागितला, हे आम्ही विचारलेले नाही.