परगावचा घरमालक

अमेरिकेत सुटे घर विकत घेऊन भाड्याने देण्याची चाल जुनी आहे. घर एका राज्यात आणि मालक दुसऱ्याच राज्यात, हा व्यवहार मात्र नोकरदाराच्या आवाक्यात बऱ्याच उशिरा आला.

१९३० च्या आधी गृहकर्जाची मुदत तीन ते पाच वर्षे असे आणि बहुधा निम्मी किंमत रोख मोजावी लागे. महामंदीच्या काळात १९३४ चा गृहनिर्माण कायदा आणि १९३८ ची ‘फॅनी मे’ ही गृहकर्जे विकत घेणारी संस्था यांमुळे लांब मुदतीचे, ठरलेल्या हप्त्याचे कर्ज रुळले. हप्ता जागच्या जागी आणि भाडे चढते, याच फरकावर पुढचा धंदा उभा राहिला.

घर विकण्यापेक्षा राखून ठेवण्याची गोडी लावली ती करकायद्याने. १९८१ मध्ये घराचा घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट, १५ वर्षांत दाखवायची मुभा मिळाली, तेव्हा कागदी तोट्याचे पेवच फुटले. १९८६ मध्ये ही मुदत साडेसत्तावीस वर्षे झाली. जमीन वगळून २,४०,००० डॉलर किमतीच्या घरावर आजही वर्षाला सुमारे ८,७२७ डॉलर घसारा मिळतो, मग बाजारभाव वाढत का असेना. तोटा पगारातून वजा करण्यावर बंधने आली. मध्यम उत्पन्नाच्या मालकाला २५,००० डॉलरपर्यंत सवलत राहिली. अट एवढीच, की भाडेकरू पसंत करणे, दुरुस्तीचा खर्च मंजूर करणे असे निर्णय त्याचे स्वतःचे असावेत. ते फोनवरूनही घेता येतात!

१९८४ पासून दुसरा नियम पक्का झाला: भाड्याचे घर विकल्यावर ४५ दिवसांत नवी मालमत्ता हेरून १८० दिवसांत घेतली, तर नफ्यावरचा कर पुढे ढकलला जातो. कॅलिफोर्नियातले एक महागडे घर विकून मेम्फिस किंवा इंडियानापोलिससारख्या स्वस्त शहरांत दोन-तीन घरे घेणे त्यामुळे सोयीचे झाले.

२००८ च्या घरबाजारातल्या पडझडीत फिनिक्समध्ये भाव निम्म्याहून खाली गेले. २०१२ मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीची ‘इन्व्हिटेशन होम्स’ तिथेच खरेदीला उतरली. तरीही देशातली भाड्याची बहुतेक सुटी घरे किरकोळ मालकांकडेच राहिली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘रूफस्टॉक’ने भाडेकरूसकट घरे इंटरनेटवर विकायला काढली, पण गळके छप्पर पाहायला गावात माणूस लागतोच. तो व्यवस्थापक भाड्याचा साधारण आठ ते दहा टक्के हिस्सा घेतो. घर रिकामे पडले की हिशेब कोलमडतो.

२०२१ मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी व्याजदर तीन टक्क्यांच्या आसपास होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो सात टक्क्यांवर गेला. नव्या गिऱ्हाइकाला भाड्यातून हप्ता भागवणे अवघड झाले. जुने, कमी व्याजाचे कर्ज असलेला मालक मात्र विकायला तयार होईना.