रमाबाई–जेराल्डिन पत्रव्यवहार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि इंग्लंडमधील वाँटेजच्या अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन यांची इंग्रजी पत्रे. धर्मतत्त्वांवरून कडाक्याचे वाद होऊनही या दोघींचे नाते टिकले.

याच मठाच्या सिस्टर पुण्यात मिशनचे काम करीत. त्यांच्या ओळखीतून रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे मनात होते, पण कमी ऐकू येत असल्याने ते राहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. जेराल्डिन धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणू लागल्या.

ही आजीबाई करडी होती आणि नातही काही ऐकून घेणारी नव्हती! त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार, सगळ्यांवर रमाबाईंनी प्रश्न उभे केले. बायबलमध्ये जे सापडत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. त्यांच्या शाकाहारी बाण्यातसुद्धा जेराल्डिनना अहंकार दिसे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावे असा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी तीही निमूटपणे मानली नाही: ब्राह्मण पुरोहितांचे जोखड झुगारून आलेल्या बाईने दुसऱ्या पुरोहितांचे का वाहावे, हा त्यांचा रोख होता. मात्र हे प्रेम बरोबरीचे नव्हते. जेराल्डिन गुरूच्या आणि आईच्या आसनावरून लिहीत. आज्ञापालन हाच त्यांच्या लेखी श्रद्धेचा पुरावा होता.

तरीही पत्रे थांबली नाहीत. मनोरमेला काय शिकवायचे यावरून दोघींचे बिनसले होते, पण पुढे रमाबाईंनी तिला काही काळ वाँटेजच्याच स्वाधीन केले. मतभेदांच्या ऐन भरात टाकलेला हा विश्वास पत्रांतल्या मायेच्या मायन्यांपेक्षा अधिक बोलका आहे.

रमाबाई अँग्लिकन चौकटीत परतल्या नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. नंतर हडपसरवरून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. तिथल्या चर्चला त्यांनी कोणत्याही एका पंथाचे नाव दिले नाही. मेथडिस्ट मिनी अॅब्रम्स यांच्यासारख्या निरनिराळ्या पंथांच्या स्त्रिया तिथे एकत्र राबल्या.

पत्रांचे संकलन खुद्द जेराल्डिन यांनी केले. मांडणी त्यांची असल्याने वाचकाने सावध राहावे, पण त्यांना खोडून काढणारी रमाबाईंची पत्रेही त्यांनी जपली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा संग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.