‘अक्सीर’ ते ‘अप्रमाणित’ : सदोष औषध आणि रुग्णाचा न्याय

औषधाने रोग बरा होण्याऐवजी रोगी दगावला, तर त्याच्या आप्तांनी दाद कोठे मागावी, हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांचा समजला जातो. तथापि या प्रश्नाच्या इतिहासाकडे पाहू लागले असता असे आढळून येते की, त्यात विषाइतकेच महत्त्व शब्दाला आले आहे. औषधाला कायद्याने कोणते विशेषण लावले, यावर पीडिताच्या पदरात काय पडणार हे पुष्कळदा ठरले. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात पाऊल टाकण्याचे प्रयोजन एवढेच.

मराठवाड्यात ‘अक्सीर इलाज’ हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. रामबाण, हमखास गुण देणारा, असा त्याचा अर्थ. हा शब्द मूळ अरबी ‘इक्सीर’. हीन धातूचे सोने करणारा किमयागारांचा पदार्थ तो हाच. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि ‘अल्’ हे उपपद घेऊन लॅटिनच्या वाटेने युरोपात ‘इलिक्सिर’ झाला. तेथे पुढे त्याला मद्यार्कयुक्त औषधी द्रव असा अर्थ चिकटला. या अर्थसंकोचाचा परिणाम 1937 साली अमेरिकेत दिसून आला. एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून ‘इलिक्सिर’ या नावाने विकले. शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व त्यांत अनेक बालके होती. औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे सिद्ध करावे, असे बंधन तत्कालीन कायद्यात नव्हते. शासनाला तो साठा जप्त करता आला तो एवढ्याच आधारावर की, ‘इलिक्सिर’ म्हणविणाऱ्या त्या द्रवात मद्यार्क नव्हता! तयार झालेल्या 240 गॅलनांपैकी 234 हून अधिक गॅलन अशा रीतीने परत मिळविण्यात आले. माणसे विषाने मेली. अपराध मात्र नावाचा ठरला. या दुर्घटनेतूनच 1938 चा नवा अमेरिकन कायदा जन्मास आला.

हिंदुस्थानात चोप्रा समितीच्या चौकशीनंतर 1940 साली औषधांचा कायदा झाला. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेड व त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर ही दोन्ही ठिकाणे निजामाच्या राज्यात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिली. 1982 च्या दुरुस्तीने ‘मिथ्याछाप’, ‘भेसळयुक्त’ आणि ‘बनावट’ या तीन कोटी स्वतंत्र व्याख्यांनी वेगळ्या केल्या. या व्याख्या कागदावर येऊन चार वर्षे होतात न होतात तोच त्यांची कसोटी महाराष्ट्रातच लागली.

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि 14 रुग्ण दगावले. ग्लिसरॉलमध्ये आढळले ते पुन्हा तेच डायएथिलिन ग्लायकॉल. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने केवळ पुरवठादाराकडे बोट दाखविले नाही; रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्रालय या साखळीची प्रत्येक कडी त्याने तपासली. अहवाल बाहेर आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. आयोगाचे कार्य मोठे खरे. परंतु चौकशी आयोग दोष दाखवितो, नुकसानभरपाईचा हुकूमनामा देत नाही, हा भेद विसरता येत नाही.

ती उणीव भरून काढण्याचे प्रयत्न पुढे दोन दिशांनी झाले. पहिली दिशा दंडविधानाची. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीच्या 2003 च्या अहवालानंतर 2008 मध्ये औषध कायद्यात दुरुस्ती झाली. भेसळयुक्त वा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाल्यास किमान दहा वर्षे ते आजन्म कारावास आणि किमान दहा लाख रुपये दंड अशी शिक्षा आली. शिवाय वसूल झालेला तो दंड पीडितास, त्याच्या पश्चात आप्तांस, भरपाई म्हणून द्यावा असे ठरले. मात्र औषध नुसते ‘अप्रमाणित’ ठरले तर शिक्षा सामान्यतः एक ते दोन वर्षांची, आणि दंडातून पीडितास काही मिळण्याची तरतूद तेथे नाही. तेव्हा प्रयोगशाळेच्या अहवालातील एका विशेषणाचे मोल आप्तांच्या दृष्टीने दहा लाखांचे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी दिशा ग्राहक कायद्याची. जे. जे. दुर्घटनेच्याच वर्षी, 1986 मध्ये, पहिला ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या कायद्यात (अंमल 20 जुलै 2020 पासून) उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथेच, म्हणजे नांदेड वा लातूरच्या जिल्हा आयोगापुढे, दावा दाखल करता येतो. मुदत सामान्यतः दोन वर्षांची. येथे एक अडसर आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावयाच्या वस्तूबाबत उत्पादकाने तज्ज्ञाला योग्य इशारा दिला असेल, तर इशाऱ्याच्या अभावाचा दावा त्याच्यावर चालत नाही. डॉक्टरी चिठ्ठीवरील औषधे बव्हंशी याच वर्गात मोडतात. परंतु ही सूट इशाऱ्यापुरतीच आहे. औषधच सदोष बनले असेल तर ती ढाल उपयोगी पडत नाही.

विनामूल्य उपचार घेणाऱ्याची स्थिती याहून बिकट आहे. सर्वांना मोफत दिलेली सेवा ग्राहक कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. 2024 च्या डिसेंबरात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयास बनावट गोळ्या पुरविल्याबद्दल गुन्हा नोंदविला गेला. अशा रुग्णालयातील रुग्ण पैसे देत नाही, म्हणून तो ‘ग्राहक’ नाही. त्याला राज्यघटनेच्या 226 व्या अनुच्छेदान्वये औरंगाबाद खंडपीठाकडे जाण्याचा मार्ग उरतो. जो सर्वांत गरीब, त्यालाच सर्वांत लांबचा रस्ता!

शेवटी ‘परत मागविणे’ या क्रियेचा विचार. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील बालके खोकल्याच्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाने दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या औषधाच्या एका घाणीत 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघाले आणि महाराष्ट्रातही ते वापरू नये, असे जाहीर झाले. परत मागविल्याने पुढचे प्राण वाचतात, हे निर्विवाद. पण ज्याला अपाय झाला त्याच्या हातातील बाटलीही त्याच ओघात दुकानदाराकडे जाते, आणि बाटलीबरोबर पुरावाही जातो. दुकानदाराला बाटली देण्याचे कर्तव्य सांगणाऱ्या प्रत्येक जाहीर सूचनेत, घाण-क्रमांक, पावती व चिठ्ठी जपून ठेवावी आणि कायद्याच्या 26 व्या कलमान्वये कोणाही व्यक्तीस शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येते, ही दोन वाक्ये असावयास हवीत. ती वाक्ये लातूरच्या शेतमजुराला समजतील अशा मराठीत असावीत, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. 1937 पासूनचा हा इतिहास पाहता, शब्द नेमका असणे ही येथे केवळ शैलीची बाब राहत नाही.