बेल दारात, कान घरात



गेल्या मार्गशीर्षात आमच्या वन्सं सांगलीहून आल्या आणि आमच्याच दारात पाऊण तास बसून राहिल्या. मी घरात होते, स्वयंपाकघरात, त्यांच्यासाठीच ज्वारीच्या भाकरी थापत होते.

झालं असं, की आदल्या आठवड्यात मुलाने दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली होती. जुन्या बेलची वायर काढून, टोकांना टेप गुंडाळून ठेवून दिली. नव्या बेलचं बटण दाबलं की ते मुलाच्या फोनवर वाजायचं, घरात काहीच वाजायचं नाही. सुनेच्या आणि माझ्या फोनवर ते ॲप घालायचं राहून गेलं होतं. वन्सं सोसायटीच्या गेटवर आल्या, तेव्हा वॉचमनने विचारलं तेही मुलाच्या फोनवर. त्याने मीटिंगमधूनच ‘येऊ द्या’ केलं आणि फोन पालथा ठेवला. आई घरात आहे, दार उघडेलच, असं त्याने धरलं. वन्संनी दोनदा बटण दाबलं, लोखंडी जाळीवर हाताने ठोकलं. आत माझी चिमणी घोंघावत होती. मग त्या चपलांच्या कपाटावर टेकल्या. पाच पंचविसाला मी कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं, तर समोर वन्सं.

त्यांना रात्री चारही आहारांचा त्याग आहे, पाणीसुद्धा नाही, आणि त्या सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच जेवण आटोपतात. त्या दिवसांत इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे सव्वापाचला त्यांची वेळ टळली होती. पहाटे प्रवासाला निघालेली चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत तशीच राहिली. ‘असू दे वहिनी, उपवास घडला,’ एवढंच म्हणाल्या. रात्री मुलाने फोनवर ते चित्रण दाखवलं. दोनदा बटण दाबणाऱ्या, मग कॅमेऱ्यात बघून पदर सावरणाऱ्या वन्सं त्यात अगदी स्वच्छ दिसत होत्या. पुढे ते मला बघवेना.

त्यानंतर घरात वाजणारं यंत्र, ज्याला दुकानात चाइम म्हणतात, ते आणलं. ते बसवण्याची हकिगत पुढे सांगते. पण या निमित्ताने दाराच्या आवाजाचा इतिहास मी जरा खणून काढला, आणि तो आपल्या कामाचा निघाला.

माझ्या सासरच्या गावी दाराला बेल नव्हतीच. कडी होती, आतून अडसर होता, आणि तोही रात्रीच लागायचा. दिवसा दार उघडं. पण कोण आलंय हे न बघता कळायचं, कारण ज्याचा त्याचा आवाज ठरलेला होता. पहाटे पिंगळ्याचं कुडबुडं, मग वासुदेवाचे टाळ-चिपळ्या, दुपारी बोहारणीची हाक, कल्हईवाल्याची लांबवलेली आरोळी. कासार आला की बांगड्यांच्या आवाजावरूनच पोरी धावायच्या. नात्यातलं माणूस ओसरीवरून ‘आहे का कुणी घरात?’ म्हणायचं, आणि त्या चार शब्दांतच ओळख पटायची.

आपल्या पुराणांतही असंच आहे. तीर्थंकरांचा जन्म होतो तेव्हा कल्पवासी देवांकडे घंटा आपोआप वाजतात, ज्योतिषी देवांकडे सिंहनाद होतो, व्यंतरांकडे भेरी आणि भवनवासींकडे शंख. बातमी एकच, पण प्रत्येकाच्या घरी तिचा आवाज वेगळा. पंचकल्याणकात जन्मकल्याणकाच्या दिवशी आपण हे सगळं ऐकतोच. आमच्या समोरच्या कच्छी ताई श्वेतांबर. त्यांच्याकडची कथा अशी, की इंद्राच्या आज्ञेने हरिणैगमेषी देव सुघोषा नावाची एक घंटा वाजवतो आणि तिच्याबरोबर बत्तीस लाख विमानांतल्या घंटा वाजू लागतात. मध्ये वायर नाही. मुलाला हे सांगितलं तर तो हसला, पण ‘एका बटणावर बत्तीस लाख चाइम’ हे त्याला पटकन समजलं.

घंटा आणि वेळ यांचंही नातं जुनं आहे. तळाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली, आणि मग टोला द्यायचा. ज्या धातूच्या थाळीवर टोला द्यायचा तिचं नाव तास. मराठीतला साठ मिनिटांचा तास या थाळीवरून आला. घड्याळ हा शब्दही घटिकेच्याच कुळातला. वन्सं अजून घटकांत बोलतात, ते उगीच नाही.

आता आपल्या कोलशेतकडे येते. इथून उल्हासची खाडी पुढे घोडबंदरला जाते आणि त्यापलीकडे वसईला समुद्राला मिळते. हा सगळा पट्टा पोर्तुगीजांचा होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या मोठाल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर वसईची म्हणून जी घंटा आहे तिच्यावर १७२१ साल आहे. देऊळ बांधलं गेलं ते १७४७ चं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर १७०७ सालची घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू अजून दिसतात.

लढाईत जिंकलेल्या वस्तूचं कौतुक मला फारसं नाही. मला वेगळीच गोष्ट जाणवली. चर्चची घंटा आतला माणूस वाजवतो आणि बाहेरच्या गावाला बोलावतो. देवळातली घंटा येणारा वाजवतो आणि ‘मी आलो’ असं आत कळवतो. धातू तोच राहिला, पण आवाजाची दिशा उलटी झाली. आपण मंदिरात पाऊल टाकताना तीनदा ‘निःसही’ म्हणतो, त्यात संसाराचे व्याप बाहेर ठेवणं तर आहेच, पण आत कुणी दर्शन घेत असेल, देवही असतील, त्यांना आपण आल्याची सूचना द्यावी, असंही जुनी माणसं सांगतात. बेलचं काम निःसही करते म्हणायचं.

विजेच्या बेलची सुरुवात १८३१ ची. अमेरिकेत ऑल्बनी गावी जोसेफ हेन्री या शिक्षकाने एका मोठ्या खोलीभोवती मैलभराहून जास्त लांब तार फिरवली, एका टोकाला वीज सोडली आणि दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबकाने घंटी वाजवून दाखवली. दाबणारा इथे, वाजणारं तिथे, ही कल्पना तिथून. पुढे आली ती टर्रर्र वाजणारी बेल, आणि मग आपली ‘डिंग-डाँग’. तिचं पोट मी एकदा उघडून पाहिलं आहे. तारेच्या वेटोळ्यात एक लोखंडी दांडा असतो. बटण दाबलं की तो चुंबकाने ओढला जाऊन एका पट्टीवर आपटतो, ती डिंग. बोट उचललं की स्प्रिंग त्याला परत ढकलते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आपटतो, ती डाँग. म्हणून कुणी बटण दाबूनच धरलं तर डाँग वाजत नाही. धांदरट माणूस आणि सावकाश माणूस तेवढ्यावरून ओळखता यायचे.

बाकी बटणाने सगळ्यांचे आवाज एक करून टाकले. दूधवाला, पोस्टमन, व्याही, कोणीही या, आवाज तोच. मग ‘कोण आहे?’ हा प्रश्न आला, भोक आलं, साखळी आली.

पुढची गोष्ट मात्र मैत्रिणींनो, आपल्यासारख्या एका बाईची आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची नर्स राहत होती. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, घरी एकटीला भीती वाटे. नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार. दोघांनी मिळून दारात वेगवेगळ्या उंचीची चार भोकं, त्यांवर वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत चित्राचा पडदा, बोलायची सोय, धोक्याची घंटा आणि लांबूनच दार उघडायचं बटण अशी रचना केली. १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज दिला, २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. तिचा पडदा घरातच होता. बघणारी, ऐकणारी, ठरवणारी घरातली बाई होती.

फोनवर वाजणारी बेल लोकप्रिय केली ती जेमी सिमिनॉफ या अमेरिकन माणसाने. तो गॅरेजमध्ये काम करत बसायचा आणि दाराची बेल त्याला तिथे ऐकू यायची नाही. म्हणून त्याने ती फोनवर आणली. २०१३ मध्ये दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात तो भांडवल मागायला गेला, तिथे जमलं नाही. २०१८ मध्ये त्याची रिंग ही कंपनी ॲमेझॉनने विकत घेतली. मला हे वाचून हसावं की रडावं कळेना. एका माणसाला गॅरेजात बेल ऐकू येत नव्हती, तर तो आवाज त्याच्या खिशात गेला, आणि माझ्या ओट्यापाशी पोचेनासा झाला. चाइम ही त्याचीच दुरुस्ती.

आता बसवण्याबद्दल, कारण तुमच्यापैकी अनेकींकडे हे येणार आहे. पहिली गोष्ट, जुनी डिंग-डाँग नव्या बेलला जोडता येईल अशी आशा ठेवू नका. अमेरिकेत घरातली बेल ट्रान्सफॉर्मरवरून सोळा ते चोवीस व्होल्टवर चालते आणि बऱ्याच वायरवाल्या कॅमेरा-बेल तेवढ्याच दाबासाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडे बटणात थेट २३० व्होल्ट. जोडायला गेलात तर यंत्र जळेल, हातालाही धक्का. आपल्याला बॅटरीची बेल आणि भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा चाइम हेच बरं. चाइम त्याच कंपनीचा, त्याच बेलला चालणारा आहे ना, ते दुकानात विचारून घ्या.

तो आधी बेलजवळच्या प्लगमध्ये लावून ॲपमध्ये जोडायचा, मग हव्या त्या जागी न्यायचा. वायफायवर चालणारा असेल तर फोन २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर असल्याची खात्री करा. आमचा अर्धा तास त्यातच गेला. जागा निवडताना आमचं पहिल्यांदा चुकलं. हॉलमध्ये टीव्हीमागे लावला, दिसायला नको म्हणून. या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंती आणि त्यात लोखंडी सेफ्टी डोअर, आवाज कधी यायचा, कधी नाही. शेवटी पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी लावला. मुलगा हॉलमध्ये उभा राहून ‘येतोय छान आवाज’ म्हणत होता. मी म्हटलं, चिमणी लाव, मिक्सर लाव, नळ सोड, आणि मग सुनेला बाहेरून दाबू दे. ही परीक्षा जरूर घ्या.

सूर निवडताना एक पेच आला. बाजारात णमोकार मंत्राच्या बेल मिळतात, कुणी हौसेने लावतातही. मला ते पटत नाही. कुरिअरवाल्याने बोट ठेवायचं, ‘णमो सिद्धा’पर्यंत यायचं आणि दार उघडलं म्हणून मंत्र तिथेच तोडायचा, हा अविनय आहे. आम्ही साधी डिंग-डाँग ठेवली.

दुसरा पेच समोरच्या ताईंमुळे लक्षात आला. त्यांच्याकडे साध्वीजी गोचरीला येतात. त्या बेलला हात लावत नाहीत, कारण त्यांच्या आम्नायात वीज म्हणजे अग्निकायिक जीव. दारात ‘धर्मलाभ’ म्हणतात आणि थांबतात. वीज सचित्त की अचित्त यावर श्वेतांबरांतच मतभेद आहेत, तेरापंथात ती अचित्त मानतात, आणि त्यात पडणारी मी कोण! पण आमची बेल माणूस हलताना दिसला तरी जागी होते, आणि आमचा कॅमेरा थेट त्यांच्या दारावर. म्हणजे साध्वीजींनी बटण न दाबताही त्यांच्या पावलाने आमच्याकडे दिवा लागून चाइम वाजणार. ताई संकोचाने बोलल्या, मी त्याच दिवशी मुलाकडून हालचाल टिपणं पूर्ण बंद करून घेतलं. आता बटण दाबलं तरच यंत्र जागं होतं. शेजारणीच्या घरी कोण येतं-जातं याची नोंद आमच्याकडे नको, हेही होतंच.

आपल्याकडे तर मुनी महाराज दार वाजवतच नाहीत. नवधाभक्तीतली पहिली भक्ती पडगाहन. हातात कलश घेऊन आपणच दाराबाहेर उभं राहायचं आणि ‘नमोस्तु, अत्र तिष्ठ’ म्हणायचं. महाराज मनात नियम घेऊन, एक शब्द न बोलता येतात. नियम जुळला तर थांबतात, नाहीतर पुढे जातात. आचार्य शांतिसागर महाराजांचा (१८७२–१९५५) विहार पाहिलेल्या माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, की गावात महाराज असले की सकाळी गल्लीतल्या बायका दारातून हलायच्या नाहीत.

फाल्गुनात वन्सं पुन्हा आल्या. गाडी ठाण्याला कधी पोचणार ते विचारून ठेवलं होतं. चाइम वाजला तेव्हा मी लिफ्टसमोरच उभी होते. आत सून धावत दाराशी आली आणि वन्संनी बटणावरचं बोट काढून माझ्याकडे बघितलं. ‘मग हे कशाला दाबायला लावलंस?’ म्हणाल्या. तपासून बघायचं होतं, म्हणून.