बीजस्वभाव आणि अव्यायाम

दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात पोते काट्यावर चढविले म्हणजे त्याचा भार कळतो; आतील माल किती ओला व किती वाळलेला, हे काटा सांगत नाही. त्यासाठी मिरची हातात घेऊनच पाहावी लागते. मानवी देहाच्या स्थूलतेचा विचारही दीर्घकाळ असाच काट्यापाशी अडून राहिला. वजनात मांस किती, मेद किती, आणि व्यायामाने या दोहोंत नेमके काय घडते, हे प्रश्न त्यामुळे मागे पडले.

प्राचीन वैद्यकाने हा भेद आरंभीच केला होता. अतिस्थूल मनुष्याच्या ठिकाणी मेदच वाढतो, इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात प्रतिपादिले आहे. तेथेच दिलेल्या स्थौल्याच्या कारणांत ‘अव्यायाम’ आणि ‘बीजस्वभाव’ ही दोन्ही आढळतात. यावरून चरकास जनुके ठाऊक होती असे म्हणणे हा केवळ उत्साहाचा अतिरेक होय. दोन्ही कारणे तेथे एका मालिकेत येतात. त्यांचा परस्परसंबंध मात्र सांगितलेला नाही.

विसाव्या शतकातही ती प्रथम अलगच राहिली. १९६२ मध्ये जेम्स नील यांनी मधुमेहाच्या संदर्भात ‘काटकसरी’ जनुकांची कल्पना मांडली: दुष्काळात तगविणारे बीज सुबत्तेत घातक ठरते. या उपपत्तीत बीजाचा भार फार मोठा. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये झाकोब व मोनो यांनी जीवाणूंवरील प्रयोगांतून जनुकांच्या कार्याचे नियमन होते हे दाखविले होते. कोशात शब्द असणे निराळे आणि तो बोलण्यात येणे निराळे. जनुकाची अभिव्यक्ती ही या दुसऱ्या प्रकारातली गोष्ट. व्यायाम कोश बदलीत नाही, वापर बदलतो. (अरबीत शिक्षण असा अर्थ असलेला ‘तालीम’ हा शब्द मराठीत आखाड्याला लागला, हे या ठिकाणी सहज आठवते.)

१९९८ मध्ये बॉस्टन येथील स्पीगेलमन यांच्या प्रयोगशाळेने ‘पीजीसी-१ अल्फा’ या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध केला. ते सापडले तपकिरी मेदात. पुढे मात्र व्यायामानंतर स्नायूत त्याचे प्रमाण वाढते व पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या वाढीस ते कारण होते, असे आढळले. २०१२ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी बैठी जीवनपद्धती असलेल्या व्यक्तींत एकाच वेळच्या व्यायामानंतर स्नायूतील काही जनुकांवरील मिथाइल खुणा कमी झाल्याचे नोंदविले. २०१३ मध्ये ल्युंड विद्यापीठाच्या संशोधकांनी, व्यायामाची फारशी सवय नसलेल्या पुरुषांच्या मेदातही सहा महिन्यांच्या व्यायामाने अशा खुणा बदलतात, हे दाखविले. मेद म्हणजे निव्वळ कोठार, ही समजूत येथे टिकत नाही.

हे देह युरोपीय होते. महाराष्ट्रातील देहाची घडण वेगळी असल्याचा पुरावा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याच्या बालकांत स्नायू पुष्कळच कमी, परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने राखलेला. म्हणजे ज्याने अद्याप व्यायाम केलेला नाही की टाळलेलाही नाही, त्याच्या देहात हे विषम प्रमाण आधीच असते. आणि त्यात बीजाबरोबर मातेच्या पोषणाचाही वाटा आहे, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे.

२००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकसमूहांसाठी २५ च्या अलीकडे, २३ या देहभार निर्देशांकापासूनच सावध होण्याची सूचना केली. हा निर्देशांकही वजनास उंचीच्या वर्गाने भागून काढलेलाच आकडा आहे.